पक्षाघातानंतर पुन्हा गादीवर

व्यापारी आजारी पडला म्हणजे केवळ एक देह अंथरुणास खिळतो असे नाही. त्याच्या शब्दावर चालणारी उधारी, वसुली आणि पतही ताटकळत राहते. बेळगाव-निपाणी भागातील आपल्या पेढ्या बहुधा एकहाती चालतात. म्हणून पक्षाघातातून उठलेल्या माणसाने कामावर कसे परतावे, हा प्रश्न वैद्यकाइतकाच व्यापाराचाही आहे. आम्ही स्वतः उजव्या अंगावर हा आघात सोसून धान्याच्या गादीवर परतलो आहोत. त्या आधारे हे चार शब्द.

मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली किंवा फुटली, म्हणजे हा विकार जडतो. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, वाचा अडखळणे ही त्याची ठळक लक्षणे होत. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच, तेही सीटी स्कॅनने रक्तस्राव नाही अशी खात्री करून, देता येते. निपाणीहून बेळगाव सुमारे 75 किलोमीटर; तेव्हा कोठे धावावयाचे हे प्रत्येक घराने आधीच ठरवून ठेवावे. पुढे काम करावयास किती शक्ती उरते, हे पुष्कळदा त्या पहिल्या तासांवर ठरते.

या बाबतीत महात्मा जोतीराव फुले यांचे उदाहरण आम्हांस धीर देत आले. 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी स्वतःस व्यापारी व शेतकरी असेच म्हणविले होते. 1888 साली पक्षाघाताने त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने लेखणी धरली आणि ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून पुरे केले. 1890 साली ते निवर्तले. ग्रंथ 1891 साली प्रसिद्ध झाला.

आमच्या डाव्या हातासही नव्याने शिकावे लागले. शाळूचा दाणा डाव्या तळहातावर घेऊन दाताखाली फोडला की ओलावा पूर्वीप्रमाणेच कळे; पण पस्तीस म्हणावयाचे असता तोंडून त्रेपन्न निघे. म्हणून भाव आधी पाटीवर लिहावयाचा, मगच सौदा पक्का करावयाचा, असा नियम केला. थकवा फार येई. तेव्हा प्रारंभी सकाळचे दोनच तास बसलो आणि महिन्यामहिन्याने वेळ वाढविला. व्यायाम व रक्तदाबाची गोळी चुकविली नाही. पर्युषणात उपवास धरण्यापूर्वीही डॉक्टरांस विचारले.

मोठी अडचण सहीची. डाव्या हाताची सही बँकेतील नमुन्याशी जुळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे आजारी खातेदारास अंगठा उठवून पैसे काढता येतात. मात्र बँकेच्या ओळखीचे दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. पण रोजचा व्यापार अंगठ्यावर चालत नाही. यास्तव प्रकृती धडधाकट असतानाच विश्वासू भागीदाराच्या सहीचा अधिकार खात्यावर नोंदवून ठेवावा.

सरकारी नोकरास सेवेत असता अपंगत्व आले, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने त्याची नोकरी राखली जाते. व्यापाऱ्यास तसे संरक्षण नाही. त्याचे संरक्षण म्हणजे त्याचे घर. मुलांनी सारा भार पहिल्याच दिवशी परत टाकू नये. तसेच ज्याने गादी चालविली, त्यास केवळ नमस्कार घेण्यापुरते गादीवर बसवू नये. पाठीशी तक्क्या द्यावा, पण पुढ्यात खतावणीही ठेवावी.