‘बस’, ‘बसा’, ‘बसावं’

सायवनकडे निघालेल्या एसटीत ओळखीचं पोरगं दारात अडून बसलं, तर ‘सरक रे’. बाकीच्यांना ‘पुढे सरका’. आणि गुरुजी चढले की ‘गुरुजींनी इथं बसावं’. सांगायचं एकच, तऱ्हा तीन. हा फरक ज्याच्या जिभेवर आहे, त्याला स्पॅनिश आज्ञार्थ निम्मा येतोच.

स्पॅनिश क्रियापदांची तीन घराणी: आर, एर, इर. आब्लार म्हणजे बोलणं, कोमेर म्हणजे खाणं, बिबिर म्हणजे जगणं. नियमित क्रियापद असेल आणि समोरचा ‘तू’तला असेल, तर शेवटचा ‘र’ गाळायचा: आब्ला, कोमे. इरवाल्यांचा ‘इ’ तेवढा ‘ए’ होतो: बिबे. ‘आब्ला’चा अर्थ ‘तो बोलतो’ असाही होतो. आज्ञा आहे की बातमी, ते सुरावरून ओळखायचं.

आदरार्थी ‘उस्तेद’ आला की स्वर जागा बदलतात: आब्ले, कोमा, बिबा. नवशिके इथंच वैतागतात. पण उस्तेद हा ‘आपली कृपा’ अशा जुन्या दरबारी संबोधनाचा झिजलेला तुकडा. म्हणून क्रियापद तृतीय पुरुषी, आणि रूपही खरं तर इच्छेचं. ‘आब्ले’ म्हणजे ‘बोला’पेक्षा ‘आपण बोलावं’. आपला विध्यर्थच! घोषणेतलं ‘व्हिवा’ हे याच बिबिरचं रूप: जगो. तलासरीच्या लाल बावट्याच्या मोर्च्यातलं ‘झिंदाबाद’ही फारसीत तेच मागतं.

पोर्तुगीजांचा ‘व्होसे’ही त्याच दरबारी संबोधनातून आला.  

अनेकांना सांगताना आदरार्थी रूपाला ‘न’ जोडायचा: आब्लेन, कोमान, बिबान. लॅटिन अमेरिकेत पोरांनाही हेच चालतं. स्पेनमध्ये मात्र मित्रमंडळींसाठी मूळ रूपातल्या ‘र’चा ‘द’ करतात: आब्लाद, कोमेद, बिबिद. ‘बोलू या’ला आब्लेमोस.

सर्वनाम मागून चिकटतं: आब्लामे, माझ्याशी बोल, कोमेलो, ते खा. शेपूट लागली तरी जोर मूळच्याच अक्षरावर राहतो, म्हणून लिहिताना त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ येते.

हे सगळं होकारापुरतं. ‘बोलू नकोस’ म्हणायचं झालं, तर तूवालाही आदराचा स्वर उसना घेतो: नो आब्लेस.