जनरल रजिस्टर

आमच्या गावच्या हायस्कुलात ऑफिसातल्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर पहिलं जनरल रजिस्टर असतं. मुलीच्या जातपडताळणीसाठी माझ्या आत्याचा दाखला हवा होता, म्हणून गेल्या पावसाळ्यात आत्याला घेऊन गेलो. क्लार्कनं रजिस्टर दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवलं. कापडी बांधणी उसवलेली, कडा वाळवीनं कुरतडलेल्या, पण शाई अजून काळीभोर. नाव, जात, जन्मतारीख आकड्यात आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रगती, वर्तणूक आणि शेवटी शाळा सोडल्याचं कारण. शेताला जसा सातबारा, तसं शाळेला हे रजिस्टर.

पहिल्या पानावर 1961 चा जून आहे. आठवीचा एकच वर्ग, तोही मारुतीच्या देवळात. त्याआधी गावात शिक्षण सातवीला संपायचं. पुढं शिकायचं तर तालुका, सहा मैल, मध्ये ओढा. मुलगे कुणाच्या तरी ओसरीवर राहून, भाकरी बांधून नेऊन शिकत. मुलींचा तर प्रश्नच नव्हता.

सातारा जिल्ह्यातल्या अशा अनेक शाळांचं मूळ शोधत गेलं की आपण कराडजवळच्या काले गावात पोचतो. 4 ऑक्टोबर 1919 ला, दसऱ्याच्या मुहूर्तावर भाऊराव पाटलांनी तिथं रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. किर्लोस्करांचे नांगर विकत हा माणूस गावोगाव हिंडलेला होता. शेतकऱ्याच्या घरात काय आहे आणि काय नाही हे त्यांना ठाऊक होतं. 1924 मध्ये त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एका चुलीवर शिजवत आणि एका पंगतीत जेवत. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. मुलांना धान्य कमी पडलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. ही गोष्ट आमच्याकडं प्रत्येक पोराला तोंडपाठ असते, म्हणून ती ऐकून न ऐकल्यासारखी होते. पण त्या काळात सवाष्णीनं गळा मोकळा करणं म्हणजे काय, हे आजीला विचारलं तेव्हा ती बराच वेळ बोललीच नव्हती.

1940 मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल उघडलं. फी नाही, त्याऐवजी श्रम. कमवा आणि शिका हा नुसता फलक नव्हता; मुलांनी खरोखर दगड फोडले, बागा शिंपल्या. पुढं गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावानं एकशे एक हायस्कुलं काढायचा संकल्प भाऊरावांनी सोडला. गावोगावी दिसणारी महात्मा गांधी विद्यालयं त्यातूनच उभी राहिली. आज रयतच्या माध्यमिक शाळा चारशेहून अधिक आहेत. विदर्भात पंजाबराव देशमुखांनी आणि कोल्हापुरात बापूजी साळुंख्यांनी असंच काम उभं केलं.

पण संस्था कितीही मोठी असो, शाळा बांधली ती गावानं. आमच्याकडं एका कुटुंबानं माळाची जमीन दिली. खाणीतला दगड बैलगाड्यांनी आला, भाडं कुणी घेतलं नाही. बायका दळणाला बसताना एक मूठ धान्य बाजूला काढत. कारखाना सुरू झाल्यावर उसाच्या बिलातून टनामागे काही पैसे शाळेसाठी कापले जाऊ लागले. दर जूनला वरचा एक वर्ग वाढायचा, त्याला कागदोपत्री नैसर्गिक वाढ म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. आठवीचं पोर नववीत गेलं की गावाला नववीचा वर्ग बांधावाच लागायचा.

सरकारचा हातभारही मोठा. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची ई.बी.सी. सवलत आली आणि वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांची फी माफ झाली. ज्या घरात फीपायी एकाच मुलाला शिकवायचं ठरायचं, तिथं दोन-तीन मुलं शाळेत जाऊ लागली. 1975 मध्ये अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली.

आता उलटी वाढ सुरू आहे. सकाळी इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या गावातून पोरं भरून नेतात. दर वर्षी संचमान्यतेच्या वेळी मास्तर पट मोजतात आणि पट घटला की कुणीतरी शिक्षक अतिरिक्त ठरतो. तरी वाड्या-वस्त्यांवरच्या मुली अजून याच हायस्कुलात येतात, एसटीच्या मोफत पासावर. ज्यांना गावाबाहेर पाठवायला घर तयार नसतं, त्यांच्यासाठी हे हायस्कूल आजही 1961 इतकंच गरजेचं आहे. पटाच्या आकड्यावर ते बंद करायची भाषा जे करतात, त्यांनी आधी त्या मुलींच्या घरी जाऊन यावं.

माझ्या दोन आत्या. थोरली हुशार, गणितात पहिली. ती 1958 ला सातवी पास झाली आणि थांबली. धाकटी तिच्याहून तीन वर्षांनी लहान. आई-वडील तेच, गरिबी तीच. धाकटी सातवी झाली त्या जूनला मारुतीच्या देवळात आठवीचा वर्ग भरला. ती मॅट्रिक झाली, तीस वर्षं शिक्षिका होती.

क्लार्कनं पान काढून दिलं. आत्यानं चष्मा पुसला आणि बोट ठेवून स्वतःची ओळ वाचली. प्रगती समाधानकारक. वर्तणूक चांगली. कारणाच्या रकान्यात, एस.एस.सी. उत्तीर्ण. क्लार्क दाखला लिहायला बसला, तरी तिचं बोट पानावरून खाली सरकतच राहिलं. ते पान संपल्यावर तिनं पुढचं उलटलं.

"कुणाचं नाव बघताय, आत्या?" मी विचारलं.

"अक्काचं," ती म्हणाली. "नसणार, माहितीये मला. तरी बघते."