भिंतीवरचा सीझर

दिवाळीची झाडलोट निघाली की आमच्या घरात दरवर्षी एक वाद ठरलेला असतो. बैठकीच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींवर दोन चित्रे आहेत, आणि त्यांपैकी एकावर आमच्या सौभाग्यवतींचा डोळा आहे. “सणासुदीच्या दिवसांत भिंतीवर प्रेत कशाला?” असा त्यांचा रोकडा सवाल. प्रेत साधेसुधे नाही, ज्यूलियस सीझरचे आहे, हे मी सांगून पाहिले. त्यावर “म्हणून काय झाले?” एवढेच उत्तर मिळाले, आणि ते खोडून काढणे मला अजून जमलेले नाही.

हे चित्र म्हणजे जाँ-लेऑन जेरोम या फ्रेंच चित्रकाराने १८६७ साली पुरे केलेल्या ‘सीझरचा मृत्यू’ची छापील प्रत. मूळ तैलचित्र अमेरिकेत, बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे. माझी प्रत फोर्टातल्या पदपथावर, जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात सापडली. काच पुसण्यासाठी चौकटीतून काढली की मी कागदाच्या कडेवरून बोट फिरवतो. चारी बाजूंनी दबलेली एक रेघ हाताला लागते. तांब्याच्या पत्र्यावर प्रकाशाच्या साहाय्याने चित्र उतरवायचे, आम्लाने ते खोल करायचे, खाचांत शाई भरून वरचा पत्रा पुसायचा आणि ओलसर कागदावर तो यंत्राने दाबायचा. त्या दाबाची ही खूण. शाई एकच, पण तिच्यात सावलीच्या किती छटा!

अशा छपाईत जेरोमचा संसारच गुंतलेला होता. चित्रे छापून देशोदेशी विकणारे पॅरिसचे बडे व्यापारी अडॉल्फ गूपील हे त्याचे सासरे. हा गृहस्थ भिंतीसाठी नव्हे, गूपीलच्या छापखान्यासाठी रंगवतो, अशी बोचरी टीका एमिल झोलाने १८६७ मध्येच केली होती. टीका खोटी नव्हती. पण छापणे हा काही गुन्हा नव्हे. आपल्याकडे राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला नसता, तर त्याची लक्ष्मी आणि सरस्वती राजवाड्यांतच राहिल्या असत्या.

आता चित्राकडे पाहा. खून इ. स. पूर्व ४४ च्या १५ मार्चला झाला. सिनेटची सभा त्या दिवशी नेहमीच्या सभागृहात नव्हती. पाँपीने बांधलेल्या नाट्यगृहाला लागून असलेल्या दालनात होती. ज्या पाँपीला सीझरने लढाईत हरवले, त्याच्याच पुतळ्यापाशी सीझर पडला. हा योगायोग कादंबरीकाराने लिहिला असता तर आपण हसलो असतो. कटात साठांहून अधिक माणसे होती, घाव तेवीस झाले, आणि त्यांतला छातीवरचा एकच जिवावर बेतणारा होता, असे मत अँटिस्टियस नावाच्या वैद्याने दिल्याचे स्वेटोनियसने नोंदले आहे.

इटलीच्या कामुच्चिनीने हाच प्रसंग १८०० च्या आगेमागे रंगवला. त्यात खंजीर उगारलेले आहेत, हात पसरलेले आहेत, सगळे कसे रंगभूमीवर असावे तसे. जेरोम मात्र घटकाभर उशिरा येतो. त्याच्या चित्रात खून होऊन गेलेला आहे. डाव्या कोपऱ्यात झग्यात गुंडाळलेले शव, उलटलेली खुर्ची, मागे तलवारी उंचावून बाहेर निघालेला घोळका, आणि मध्ये पसरलेली ओकीबोकी फरशी. ती फरशी मला चित्रातली सर्वांत बोलकी जागा वाटते. घोळक्याला वाटते आहे, काम फत्ते झाले!

समोरच्या भिंतीवर सिसेरो उभा आहे. रोमच्या मादामा राजवाड्यात, म्हणजे आजच्या इटालियन सिनेटच्या वास्तूत, चेझारे माक्कारीने एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात काढलेल्या भित्तिचित्राची ही रंगीत प्रत. इ. स. पूर्व ६३ च्या नोव्हेंबरात सिसेरोने कॅटिलाइनवर राज्य उलथण्याच्या कटाचा आरोप केला, तो हा क्षण. कॅटिलाइन खाली मान घालून एकटा बसला आहे आणि त्याच्या भोवतीची बाके ओस पडली आहेत. सिसेरोनेही त्या भाषणात तसेच म्हटले होते. बाकी माक्कारीने बरीच मोकळीक घेतली आहे. सभा ज्यूपिटरच्या मंदिरात भरली होती. आणि चित्रातला पांढऱ्या केसांचा सिसेरो त्या वेळी अवघा त्रेचाळीस वर्षांचा, कॅटिलाइनहून लहानच होता.

या दोन चित्रांमध्ये बसून मी पुष्कळ संध्याकाळी काढल्या. मग एक दिवस ध्यानात आले, की या साऱ्या झगड्यात शेवटी जो जिंकला, तो दोन्हींत नाही! सिसेरो गरजत होता तेव्हा ऑक्टेव्हियन नावाचे पोर जेमतेम दीड महिन्याचे होते. सीझर पडला तेव्हा हा अठरा वर्षांचा मुलगा समुद्रापलीकडे, आजच्या अल्बेनियातल्या अपोलोनियाला शिकत होता. मृत्युपत्रातून सीझरने त्याला दत्तक घेतल्याचे उघड झाले. पुढच्याच वर्षी त्याने अँटनीशी हातमिळवणी केली आणि सिसेरोचे शिर व हात रोमच्या चौकात टांगले गेले. इ. स. पूर्व ४२ मध्ये फिलिपीला ब्रूटस आणि कॅसियस संपले, ३१ मध्ये अ‍ॅक्टियमला अँटनी हरला, आणि २७ मध्ये त्याच मुलाला सिनेटने ऑगस्टस ही पदवी दिली. प्रजासत्ताक वाचवायला निघालेल्या त्या तलवारी कोणासाठी वाट मोकळी करत होत्या, हे त्या घोळक्यातल्या एकालाही ठाऊक नव्हते.

यंदा काच पुसताना सौभाग्यवती जरा थबकल्या. रिकाम्या आसनांच्या रांगांत एक जाडजूड सिनेटर तसाच बसून राहिला आहे. झोपला आहे की थिजला आहे, कळत नाही. त्याच्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “सगळे पळाले. हा का बसलाय?”

मी म्हटले, तो जेरोमने आपल्या मनाने बसवला आहे.

“असेल,” त्या म्हणाल्या, “पण याला कोणीतरी उठवायला हवे होते.” आणि चित्र पुन्हा खिळ्याला अडकवून त्या दुसऱ्या भिंतीकडे वळल्या.