एकदा विचारून भागत नाही

मोठ्या कंपन्यांत अलीकडे दर महिन्याला, काही ठिकाणी दर आठवड्यालाही, कर्मचाऱ्यांना चार-पाच प्रश्न विचारले जातात. काम झेपते का, वरिष्ठ ऐकून घेतात का, पुढील वर्षी येथेच राहणार का? यास ‘पल्स सर्व्हे’ म्हणतात. वैद्याने वरचेवर नाडी पाहावी, तसाच हा प्रकार. कल्पना मात्र जुनी आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात सुमारे २१,००० कामगारांशी बोलणे झाले. ठरावीक प्रश्नांच्या उत्तरांपेक्षा कामगार आपणहून जे बोलतो ते अधिक मोलाचे, हे तेथे ध्यानी आले.

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. हिशेबात जिचे स्वतंत्र नावच नाही, तिला विचारणार कोण? दुखणे काढावे, तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात.

२०१९ मध्ये येथील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. आरोग्य विभागाच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे साधारण सहाजणींत एक. आकडा हाती आला तो शस्त्रक्रिया होऊन गेल्यानंतर. पाळीच्या दिवसांत विश्रांती मिळते का, आडोसा आणि पाणी आहे का, पोटात दुखते का, हे प्रश्न हंगामागून हंगाम फडावरच विचारले गेले असते, तर तक्रार शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्याआधी कानी आली असती.

अर्थात, नुसते विचारून चालत नाही. प्रश्न वारंवार येतात आणि बदलत काहीच नाही, असे दिसले की कंपनीतला शिकलेला कर्मचारीसुद्धा उत्तरे उरकून टाकतो. आडतीवरच्या वा जिनिंगमधल्या नोकराचेही तेच. मालकाने गादीवरून सर्वांसमक्ष विचारले, तर ‘सगळे ठीक आहे’ एवढेच ऐकू येते. फडावर तर उचल फिटायची असते. तेथे मुकादमाने विचारून उपयोग नाही, आणि मोबाइल बहुधा नवऱ्याच्या हाती. गावातून निघताना, हंगामाच्या मध्यावर आणि परतल्यावर, कोपीपाशी बाजूला बसून, नाव न लिहिता, एखाद्या बाईनेच ते तोंडी विचारावे लागतील. आणि पाण्याचा टँकर मागितला गेला, तर तो त्याच हंगामात यावा लागेल.