न्यायासनापूर्वी वकिलीची तीन वर्षे

यवतमाळ जिल्ह्यातील वणी, पुसद, दारव्हा किंवा केळापूर भागातील शेतकऱ्याला न्यायसंस्थेचे पहिले दर्शन घडते ते तालुक्याच्या न्यायालयात. धुऱ्याचा वाद, मनाई हुकूम, पोटगीचा अर्ज अशी प्रकरणे तेथील दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) तथा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांच्यापुढे चालतात. वरच्या न्यायालयाची पायरी चढणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी हेच न्यायालय शेवटचेही ठरते. म्हणून या पदाच्या पात्रतेचा प्रश्न केवळ वकीलवर्गापुरता मर्यादित नाही.

अटीचा प्रवास

वकिलांमधून थेट जिल्हा न्यायाधीश होण्यासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद २३३ प्रमाणे किमान सात वर्षांची वकिली आवश्यक असते. त्याखालील पदांची भरती अनुच्छेद २३४ अन्वये राज्याच्या नियमांनुसार होते. या पदांसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट घालावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितले. बुद्धिमान पदवीधर न्यायसेवेकडे पाठ फिरवितात, असे आढळल्याने शेट्टी आयोगाच्या शिफारशीवरून २००२ मध्ये ती अट उठली. मात्र, कोर्टाचे कामकाज न पाहिलेल्या नवपदवीधरांच्या नेमणुकांतून अडचणी उद्भवतात, असे अनेक उच्च न्यायालयांनी कळविले. त्यावर २० मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ती अट पुन्हा लागू करण्याचा आदेश दिला. न्या. गवई हे शेजारच्या अमरावतीचे.

गणना कशी?

या निकालानुसार वकिलीचा काळ बार कौन्सिलकडील तात्पुरत्या नोंदणीच्या दिनांकापासून मोजावयाचा आहे. न्यायाधीशांकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही धरले जाते. किमान दहा वर्षे वकिली केलेल्या वकिलाचा दाखला व त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे पृष्ठांकन लागते. निवडीनंतर एक वर्षाच्या प्रशिक्षणाशिवाय न्यायासनावर बसता येत नाही. निकालापूर्वी अधिसूचित झालेल्या भरतीस ही अट लागू करण्यात आली नाही.

खरी कसोटी

साक्षीदाराची उलटतपासणी व पक्षकाराची घालमेल पुस्तकातून उमगत नाही, हे खरे. परंतु नवोदित वकिलाची पहिली वर्षे तुटपुंज्या मिळकतीची असतात. कोरडवाहू शेतीवर शिकलेला मुलगा किंवा लग्नाची घाई होणारी मुलगी या काळात टिकून राहील काय? अनुभव वाढविताना ग्रामीण उमेदवार गळाले, तर न्यायासनाला गावाची ओळखच उरणार नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २०२२ च्या योजनेत सहायक लोक अभिरक्षकाचे मानधनी काम तीन वर्षांपर्यंतच्या वकिलांसाठी ठेवले आहे. अशा जागा थोड्या असल्या तरी त्यांची माहिती गावोगावी पोहोचली पाहिजे.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी होतकरू विद्यार्थ्यांना सनदेची नोंदणी विनाविलंब करण्यास सांगावे, कामाच्या नोंदी जपण्यास सुचवावे आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीतील अटी बारकाईने वाचण्याची सवय लावावी. अनुभवी न्यायाधीश गावाला हवाच. तो गावातूनही यावा.