घोडा घेताना काय पाहावे?

दत्तजयंती जवळ आली, की नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्यास घोड्यांचा मोठा बाजार भरतो, आणि आमच्या नाशिकाकडील हौशी मंडळीही तिकडे निघतात. कोणास मळ्यावर मुलांस बसावयास घोडा हवा असतो, कोणास वाडवडिलांच्या पागेची आठवण म्हणून. हौस वाईट नव्हे. परंतु बाजारात बहुतेकांची दृष्टी प्रथम भोवऱ्यांकडे जाते. छातीवर देवमण आहे काय, घोडा पंचकल्याणी आहे काय, यावर किंमत चढते वा उतरते.

आमच्या एका स्नेह्यांनी असाच देवमण पाहून घोडा आणला. तिसऱ्याच दिवशी तो पुढल्या पायाने लंगडू लागला. तोवर मुलांनी त्याचे नावही ठेवले होते. परत पाठविणे जिवावर आले.

भोवऱ्यांस शास्त्राधार नाही असे नव्हे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, अश्वलक्षणाच्या लहानशा अध्यायात, ते सांगितले आहेत. पण दातांवरून घोड्याचे वय ओळखण्याची रीतही त्याच अध्यायात आहे. आपण एक गोष्ट जपली, दुसरी विसरलो!

म्हणून प्रथम तोंड पाहावे. पुढचे दुधाचे दात सुमारे अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या वयात जोडीजोडीने पडून कायमचे येतात. ५व्या वर्षी तोंड भरते. पुढे दातांवरील खळगे झिजतात व म्हातारपणी दात पुढे कलतात. मुलांसाठी कोवळे शिंगरू घेऊ नये. ८-१० वर्षांचा, माणसाळलेला घोडा बरा.

नंतर पाय. घोडा कडक जमिनीवर सरळ दुडक्या चालीने पळवून घ्यावा. पुढला पाय दुखत असल्यास तो टेकताना घोडा मान वर उचलतो. खूर उचलून भेगा पाहाव्या, हाताला ऊन लागते का तेही पाहावे. वेदनाशामक औषधाने लंगडेपणा झाकता येतो. यास्तव सौदा एका भेटीत करू नये. स्वार होऊन दाखविण्यास विकणाऱ्यासच आधी सांगावे.

तिसरी गोष्ट रक्ततपासणीची. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसासही होतो, व तो निष्पन्न झालेल्या जनावरास मारावे लागते. ज्या घरात मुले आहेत, तेथे पशुवैद्याचा दाखला मिळाल्यावाचून घोडा दारात आणू नये.

शेवटची परीक्षा घोड्याची नव्हे, आपली. घोडा २५-३० वर्षे जगतो. चंदी, खरारा, नालबंदी काही चुकत नाही. घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे उत्तर मुलेही सांगतात: न फिरविल्यामुळे! एकत्र कुटुंबात सर्वांचे काम ते कोणाचेच नसते. रोज पहाटे त्यास फिरविणार कोण, असे विचारल्यावर घरातील एकाने स्वतःचे नाव सांगितले, तरच सारंगखेड्याची वाट धरावी.