तिकिटावरची वेळ

गेल्या हिवाळ्यांत आमचे चिरंजीव दुपारीं दोनच्या विमानानें लंडनास निघाले. तिकिटावर उतरण्याची वेळ सायंकाळची साडेसहा. सात वाजले तरी निरोप नाहीं, म्हणून आजींनीं देव पाण्यांत घातले! वस्तुतः विमान तेव्हां अर्ध्या वाटेवरच होतें.

मुंबईहून लंडन आकाशमार्गानें सुमारें ७,२०० किलोमीटर. १९४८ च्या जूनमध्यें एअर इंडियाचें पहिलें लंडनगामी विमान कैरो व जिनिव्हा येथें थांबत गेलें; आज न थांबतां साधारण दहा तास लागतात. परंतु हिवाळ्यांत लंडनचें घड्याळ आपल्या साडेपांच तास मागें असतें. तेथें साडेसहा वाजतात, तेव्हां येथें मध्यरात्र झालेली असते.

तिकिटावरील वेळ उतरण्याच्या गांवची असते, एवढें वडीलधाऱ्यांस आधींच सांगून ठेवावें, असें आम्ही सुचवितों. देवांनाही उगाच थंडींत भिजावें लागणार नाहीं!